तिथीला तीनने गुणा

हजर व्हायला गेले त्या दिवशी सरांनी मला बसा म्हटलं नाही, पाणीसुद्धा विचारलं नाही. हातातला नेमणुकीचा कागद उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "बाई, इथवर आलात कशा?"

"गाडीने."

"कुठल्या? उतरलात कुठे? उतरल्यावर किती चाललात? चुकलात कुठे?"

ऑक्टोबरचं ऊन, दोन जड बॅगा, साताऱ्यापासून गाड्या बदलत आलेली मी, आणि हा माणूस माझा पंचनामा करतोय! डोक्यात तिडीकच गेली. मी म्हटलं, "चुकले हे कशावरून?"

"चपलांना तांबडी माती लागली आहे. खाडीकडच्या रस्त्याने आला असतात तर काळी लागली असती. काजूच्या कारखान्यापाशी वर चढलात ना?"

चढले होते. गावाच्या डोक्यावर नुसता कातळाचा माळ आहे, त्याला तिकडे सडा म्हणतात. त्या सड्यावर अर्धा तास भटकून, एका बाईला विचारत विचारत खाली उतरले होते. संध्याकाळी सातवीची दोन मुलं कारखान्यापाशी पत्रा ठोकून आली. त्यावर लिहिलं होतं, 'शाळा खाली आहे. वर चढू नये. वर फक्त कातळ आहे.' सर मला म्हणाले, "तुमचा दोष नाही हो. तिथे काही लिहिलेलं नव्हतं, ही आमची चूक." हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. मला संताप आला. पहिल्याच दिवशीची माझी फजिती गावाबाहेर टांगली गेली होती.

गाव कोकणात, नाटे बंदराच्या अलीकडे, खाडीच्या काठावर. शाळा सातवीपर्यंत, शिक्षक आम्ही तिघं. तिसरे गुरुजी पहिली-दुसरीत अडकलेले, त्यांचा या हकिकतीशी संबंध नाही. सर सगळ्यांत जुने म्हणून मुख्याध्यापकाचा चार्ज त्यांच्याकडे, आणि सहावी-सातवीचं मराठीही त्यांच्याकडे. मराठी म्हणजे त्यांच्या लेखी एकच गोष्ट, माहिती लिहिणं. कविता ते उरकून टाकायचे. "कविता काय, पोरं आपापली वाचतील. पण विहिरीला पाणी किती आहे ते चार ओळींत नीट लिहिता येणारा माणूस मला या तालुक्यात दाखवा," असं म्हणायचे.

उंच, काटकुळे, पँट घोट्याच्या वर दुमडलेली, खिशात शिंप्याची टेप. एका जागी उभं राहणं त्या माणसाला ठाऊकच नव्हतं. शिकवताना मागच्या भिंतीपासून फळ्यापर्यंत, फळ्यापासून खिडकीपर्यंत, आणि वाक्य अर्धवट असतानाच पायऱ्या उतरून थेट धक्क्यावर. पाठोपाठ अख्खी सातवी. मी पाचवीच्या वर्गातून बघायची, बाकं रिकामी! त्यांना काही विचारायचं तर आपणही बरोबर चालायचं. चहा चालताना, हजेरी चालताना, आणि माझी रजा मंजूर केली तीही विहिरीकडे जाताना. त्यांच्याकडे बघूनच मला धाप लागायची, आणि खरं सांगते, तेव्हा तो माणूस मला अजिबात आवडत नव्हता.

सातवीच्या मुलांनी लिहिलेली माहिती वहीत राहायची नाही. गोडेतेलाच्या डब्यांचे पत्रे कापून, पांढरा रंग देऊन, त्यावर काळ्या रंगाने लिहून ती गावात जागोजागी लावायची असा त्यांचा दंडक. गावभर ते पत्रे. 'या विहिरीत आज सहा हात पाणी आहे. एप्रिलात दीड हात असते.' 'हा कुत्रा चावतो. घरातली माणसं जवळ असली तर चावत नाही.' 'या पायऱ्या सतरा आहेत. नववी हलते.' एका घरावर तर लिहिलं होतं, 'इथले आजोबा ऐकत नाहीत. हाक मारू नये, समोर जाऊन उभे राहावे.' आजोबांना त्या पत्र्याचा कोण अभिमान! पाहुण्यांना हाताला धरून दाखवायचे.

सगळ्यांनाच कौतुक होतं असं नाही. एका बागायतदाराच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, मुलांनी पत्रा लावला, 'या कलमांवर परवा औषध मारले आहे. आठ दिवस इथले आंबे खाऊ नयेत.' बागायतदार तणतणत शाळेत आला. "सर, माझा धंदा बसवताय काय? गिऱ्हाईक काय म्हणेल?" सर त्याच्याबरोबर चालत बागेपर्यंत गेले, औषधाच्या बाटलीवरचे दिवस वाचले आणि म्हणाले, "पोरांनी चूक लिहिलंय. आठ नाही, दहा दिवस आहेत." परत येऊन पत्रा दुरुस्त करून घेतला. तो बागायतदार पुढे सहा महिने शाळेच्या बाजूला बघत नव्हता.

वर्गात त्यांचा एक नियम होता, माहिती लिहिली की ती करून बघायची. सहावीतल्या एका मुलीने सोलकढीची कृती लिहिली. 'नारळ घ्यावा व वाटावा.' सरांनी पाटा आणायला लावला, त्यावर अख्खा न सोललेला नारळ ठेवला आणि वरवंटा घेऊन वाटायला लागले. घाम फुटेपर्यंत! मुलं हसून गडाबडा लोळतायत, ती मुलगी ओरडतेय, "सर, आधी सोलायचा! सर, फोडायचा!" आणि सर शांतपणे म्हणतायत, "तसं लिहिलेलं नाही गो." पोरीने ती कृती पाच वेळा लिहिली. पाचव्या वेळची कढी आम्ही सगळ्यांनी प्यायली, फक्त मीठ नव्हतं.

'सुंदर', 'निसर्गरम्य', 'उपयुक्त' हे शब्द वर्गात आणायला बंदी होती. कुणी लिहिलेच तर, "सुंदर म्हणजे काय दिसलं ते सांग," म्हणून त्याला बाहेर पाठवायचे. गाईवरचा निबंधही त्यांच्याकडे वेगळा. 'गाय हा एक पाळीव प्राणी आहे' असं लिहून आणलं की विचारायचे, "कोणाची?" मग पोरं लिहून आणायची, 'शेजारच्या काकूंची गाय. दोन लिटर देते असे काकू सांगतात. आई म्हणते दीड.' सर खूश!

लिहून झालं की वर्गात मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी विचारायचं. कोण, काय, कुठे, केव्हा, कसं, एवढंच. छान झालं असं म्हणायचं नाही. ज्याला काहीच ठाऊक नाही असा माणूस लांबून वाचतोय असं समजून विचारायचं, भले उत्तर तुम्हाला पाठ असो. आणि सगळ्यांत विचित्र नियम हा, की ज्याला जी गोष्ट माहीत नाही त्यानेच ती लिहायची. कोळ्यांच्या पोराने मासळीवर लिहायचं नाही, सड्यावरच्या पोराने काजूवर लिहायचं नाही. मी एकदा वैतागून विचारलं, "सर, उलटा कारभार झाला हा. ज्याला येतं त्याला लिहू द्या की!"

"ज्याला येतं तो अर्धं गाळतो बाई. त्याला वाटतं, एवढं तर सगळ्यांना ठाऊक असतंच."

म्हणून होडीची माहिती लिहायला त्यांनी संजनाला निवडलं.

संजना मुंबईहून आलेली. बाप अजून तिकडेच, कुठल्याशा गोदामात वॉचमन. आई मुलीला घेऊन गावी परतली होती आणि सड्यावरच्या बौद्धवाडीत सासऱ्यांच्या घरी राहत होती. मुलगी हुशार, पण आल्यापासून गप्प गप्प. बोलायला गेली की मुंबईचं बोलणं, 'मी बोलली', 'मी गेली', की मुलं हसायची. खाडी म्हणजे काय तेच तिला माहीत नव्हतं. पलीकडच्या काठावरून रत्नागिरीचा रस्ता. खाडी ओलांडली तर दहा मिनिटं, आणि वळसा घालून गेलं तर तीन तास. सगळं गाव त्या होडीवर अवलंबून.

सर तिला म्हणाले, "होडी केव्हा सुटते ते लिही."

तिने पहिल्या दिवशी लिहिलं, 'सकाळी सात.' दुसऱ्या दिवशी गेली तर पावणेआठ. तिसऱ्या दिवशी साडेआठ. रडवेली होऊन आली, "सर, तो माणूस रोज उशीर करतो." सरांनी तिला परत धक्क्यावर पाठवलं. ती पंधरा दिवस शाळेआधी धक्क्यावर जाऊन बसली. होडीवाल्या तात्यांशी बोलायला लागली, पाण्यात काठी रोवून खुणा करायला लागली, शेवटी तात्यांच्या घरचं पंचांग मागून घेतलं. सोळाव्या दिवशी तिने जे लिहिलं ते मला अजून तोंडपाठ आहे.

'होडीची वेळ रोज बदलते. आजची तिथी बघा. तिथीला तीनने गुणा, चाराने भागा. येईल तेवढ्या वाजता भरती. भरतीच्या आधी तीन तास ते भरतीनंतर अडीच तास होडी चालते. चिखल उघडा दिसला तर होडी नाही. तिथी माहीत नसेल तर पिंपळाजवळ तात्यांचे घर आहे, तिथे विचारा.'

पौर्णिमेला, अवसेला पंधरा धरायचे, पुढच्या पंधरवड्यात परत एकपासून. तात्या म्हणाले, "एवढी वर्सां होडी हाकतंय, पण असा कोणी लिवलान नव्हता." सर त्या दिवशी तो पत्रा हातात घेऊन खाडीकाठाने दोनदा इकडून तिकडे फिरले. संजना वर्गात बोलायला लागली ती तेव्हापासून. 'मी बोलली' म्हणूनच बोलायची, आता कुणी हसत नव्हतं.

आता माझी करणी सांगते.

एप्रिलात सरांना दहा दिवसांचं प्रशिक्षण लागलं. रत्नागिरीला गेले. सातवी माझ्याकडे आली. तिसऱ्या दिवशी तालुक्याचे साहेब शाळा बघायला येणार असा निरोप आला. मी शिक्षणसेवक, तीन वर्षं भरायची होती, कायम व्हायची ऑर्डर त्यानंतर. सर असते तर साहेबांना विहिरीकडे घेऊन गेले असते. मी म्हटलं, नाही बाई, आपण नीट करायचं. मी गावातून फिरले आणि ते पत्रे बघून मला लाज वाटली. वाकडी अक्षरं, कुत्रा चावतो, आजोबा ऐकत नाहीत! आणि धक्क्यावर तर चक्क गणित घातलेलं. साहेब होडीतून उतरणार आणि समोर काय, तर तीनने गुणा, चाराने भागा! मी तात्यांना विचारलं, "होडी किती वाजता असते हो?" ते म्हणाले, "आठाक." त्या दिवशी आठाकच होती, दशमी होती. मी घाटावरची, आमच्याकडे नदी एकाच बाजूला वाहते. मला वाटलं, आठ तर आठ. पत्र्यावर पांढरा रंग फिरवला आणि निळ्या अक्षरांत, वेलबुट्टी काढून लिहिलं: 'होडीची वेळ: सकाळी ८ व सायंकाळी ६.'

दोन मुलं म्हणाली, "बाई, रोज आठला नसते." मी डाफरले, "साहेबांना गणित घालत बसायचं का? गप बसा."

संजना रंगाचा डबा धरून उभी होती. ती म्हणाली, "बाई, माझं चुकलं होतं का?"

"चुकलं नाही गं," मी म्हटलं, "पण असं लिहीत नाहीत."

एवढंच बोलले मी, आणि ते बोलताना माझं लक्षही तिच्याकडे नव्हतं, ब्रशकडे होतं.

साहेब एकादशीला आले, होडीही आठाच्या सुमारालाच लागली. शेरेबुकात माझ्या नावानिशी लिहून गेले, 'शालेय परिसर बोलका व नीटनेटका.' मी हवेत. गावातल्यांना वाटलं, साहेब यायचे म्हणून लिहिलंय, गेले की पुसतील. मी कशाला पुसतेय!

त्यानंतर आठवड्याने, शनिवारी, संजनाला रत्नागिरीला जायचं होतं. मुलींच्या एका वसतिगृहात आठवीपासून पुढच्या शिक्षणाची सोय होती, राहणं-जेवण सगळं फुकट. सरांनीच फॉर्म भरून घेतला होता. निवड झाली होती, फक्त शनिवारी अकराच्या आत मूळ कागदपत्रं घेऊन आईसह हजर व्हायचं. न आल्यास जागा यादीतल्या पुढच्या मुलीला, असं पत्रातच होतं. गावात आठवी नाही. जागा गेली असती तर पोरगी काजूच्या कारखान्यात बी फोडायला बसली असती. आई तिथेच जात होती, दुसरा रस्ता काय होता?

उन्हाळ्याची सकाळची शाळा होती. पडवीतून धक्का दिसतो. आठ वाजून गेले आणि बघते तर धक्क्यावर त्या दोघी. आई नवी साडी नेसलेली, संजनाच्या छातीशी फाइल. आणि खाडीत पाणी कुठाय? नुसता काळा चिखल चकाकतोय, तात्यांची होडी एका कुशीवर पडलेली. मी पळत खाली गेले. तात्या डोकं खाजवत उभे. "बाईनू, आज चवथ. आता पाणी दुपारशिवाय नाय. पहाटे पाचाक आली असती तर सोडलंय असतंय."

मी त्या पोरीवरच ओरडले. कशी ओरडले कुणास ठाऊक! "अगं, तुला माहीत होतं ना? तूच लिहिलं होतंस ना?"

"माहीत होतं बाई," ती म्हणाली. "काल मी गुणाकार पण केला. तीन आले. पण तुम्ही आठ लिहिलं होतं ना. मला वाटलं, माझंच चुकत असेल."

आई म्हणाली, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या. तुम्ही लिहिलं म्हणून आम्ही चौकशी पण नाय केली." ती रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. वाडीतल्या दोन मोटारसायकली, दोन्ही पहाटेच मासळी घेऊन गेलेल्या. वळशाची गाडी दहाला. मी नुसती इकडून तिकडे फेऱ्या घालतेय.

तेवढ्यात पलीकडच्या काठावरून हाक आली. सर! प्रशिक्षण संपवून परत येत होते, पाण्याअभावी तिकडे अडकलेले. वाट बघत बसणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. आम्ही बघतोय तोवर त्यांनी पँट मांडीपर्यंत वर केली आणि ते चिखलात उतरले. पूर्ण ओहोटीला तिथे एक उतार असतो, चालत पलीकडे जाता येतं, मधल्या धारेला कमरेएवढं पाणी. पण चिखलात कालवांचे कपरे, सुरीसारख्या धारेचे शिंपले, पाय फाटतात. ते चालतच आले. वर चढले तेव्हा दोन्ही पायांतून रक्त येत होतं. मी विचारलं, "सर, तुम्हाला कळलं कसं?"

"चतुर्थीला आठ वाजता संजना धक्क्यावर बसलेली दिसली," ते म्हणाले. "ती उगाच बसणार नाही."

मग त्यांनी पत्रा बघितला. माझी वेलबुट्टी बघितली. माझ्याकडे बघितलंच नाही. फाइल डोक्यावर घेतली, संजनाच्या आईला म्हणाले, "ताई, साडी वर खोचा. मी पाय ठेवतो तिथेच पाय ठेवा," आणि तिघं परत त्या चिखलात उतरली. मध्ये एकदा आई कोलमडली, तेव्हा मी डोळे मिटून घेतले. पलीकडे पोचल्यावर हात हलवून वगैरे दाखवायचं त्यांच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.

तशाच चिखलाच्या कपड्यांनी ते त्यांच्याबरोबर रत्नागिरीपर्यंत गेले. पलीकडची गाडी चुकलेली, पोचायला साडेबारा. यादी बंद झालेली. तिथल्या बाई कडक, पण सरळ. त्या म्हणाल्या, "उशीर झालेले सगळेच काहीतरी सांगतात. शाळेकडून लेखी द्या. सोमवारी समिती बसेल. कारण पटलं तर बघू." संध्याकाळच्या भरतीने सर परत आले. मला म्हणाले, "वर्गशिक्षिका तुम्ही होतात. पत्र तुम्ही लिहा. उद्या पोरांना बोलावतो."

रविवार असून सातवी हजर. मी घरून लिहून आणलं होतं, अर्ज लिहिण्यात माझा हातखंडा. सरांना वर्गाबाहेर गाठून म्हटलं, "सर, सगळं लेखी गेलं तर माझी ऑर्डर अडकेल हो." मला वाटलं होतं, ते धीर देतील.

"अडकेल कदाचित," ते म्हणाले आणि आत गेले.

मी वाचलं. "सविनय सादर. काही अपरिहार्य कारणास्तव व निसर्गाच्या अवकृपेमुळे सदर विद्यार्थिनी नियोजित वेळेत उपस्थित राहू शकली नाही. तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती."

हात वर झाले.

"बाई, अपरिहार्य म्हणजे काय?"

"टाळता न येणारं."

"कोणतं कारण टाळता येत नव्हतं?"

मी म्हटलं, "होडी नव्हती."

"का नव्हती?"

"ओहोटी होती."

"मग ती ओहोटीला का आली?"

"पत्र्यावर वेळ चुकीची लिहिली होती."

मागच्या बाकावरच्या एकाने हात वर केला. रंगाच्या दिवशी माझ्यासाठी शिडी धरणारा तोच. त्याने विचारलं, "कोणी लिहिली होती?"

त्याला ठाऊक होतं. वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. चेष्टा कुणी करत नव्हतं, एकजणही हसला नाही. पत्र वाचणाऱ्या त्या बाईंना ठाऊक नाही, म्हणून विचारायचं, असं त्यांना शिकवलेलं होतं. मी सरांकडे बघितलं. ते खिडकीपाशी पाठ करून येरझाऱ्या घालत होते, पायांना फडकी बांधलेली. मला त्या क्षणी त्या माणसाचा एवढा राग आला की उठून निघून जावं. मग मी संजनाकडे बघितलं. तिने हात वर केलाच नव्हता. ती खाली मान घालून बसली होती, जसं काही उत्तर तिलाच द्यायचंय.

"मी लिहिली," मी म्हटलं.

"आधी काय लिहिलेलं होतं?"

"आधी बरोबर लिहिलेलं होतं. संजनाने. ते मी पुसलं."

तेव्हा तिने मान वर केली. म्हणाली, "बाई, आम्ही पावणेआठला आलेलो. ते पण लिहा."

तिथेच, त्यांच्यासमोर, फळ्यावर पत्र लिहिलं. 'संजनाने शनिवारी अकरा वाजता हजर राहायचे होते. ती साडेबाराला पोचली. ती व तिची आई धक्क्यावर पावणेआठला आल्या होत्या. धक्क्यावरच्या पत्र्यावर होडीची वेळ आठ लिहिली होती. ती चूक होती. त्या वेळी खाडीत पाणी नव्हते. बरोबर माहिती संजनाने पंधरा दिवस पाहून आधी लिहिली होती. ती मी पुसली. पुसण्याआधी मी खात्री केली नाही.' खाली माझं नाव आणि सही. विनंतीचं एक वाक्य घालू का विचारलं तर सर म्हणाले, "कशाला? त्या बाईंना कळेल काय करायचं ते."

सोमवारी पहाटेच्या होडीने सर स्वतः पत्र घेऊन गेले. गुरुवारी फोन आला, जागा ठेवली आहे, पुढच्या सोमवारी येऊन प्रवेश पक्का करा. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. पत्राची बातमी तालुक्याला पोचलीच, साहेबांनी बोलावून चार शब्द सुनावले. ऑर्डर उशिरा निघाली, पण निघाली. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही.

त्या सोमवारी त्रयोदशी होती, पावणेदहाला भरती. मी सकाळी धक्क्यावर गेले. सर होतेच, पाय बरे नसतानाही धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललेलं. पत्र्यावर संजनाची जुनी माहिती परत लिहिलेली, तिच्याच अक्षरात. ती आणि आई आल्या. आई होडीत जाऊन बसली. संजना मात्र सगळ्यात खालच्या पायरीवर उतरली, वाकून पाण्यात हात घातला, काठीची खूण बघितली, मग वर येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

मी म्हटलं, "संजना, मला माफ कर गं."

"बाई, मी पाणी बघितलं," ती म्हणाली. "आता कुणी लिहिलंय म्हणून मी नाय निघणार. तुम्ही लिहिलं तरी. सरांनी लिहिलं तरी."

एवढं बोलून ती होडीत बसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सर माझ्या शेजारी येऊन थांबले होते.

"इतकी वर्षं मी पोरांना लिहायला शिकवतोय," ते म्हणाले. "लिहिलेलं वाचून लगेच विश्वास ठेवायचा नसतो, हे शिकवायचं माझ्याकडून राहूनच गेलं होतं. ते तुमच्याकडून शिकली ती."

मला रडूही येत होतं आणि रागही. मी म्हटलं, "सर, असं नव्हतं शिकवायचं मला."

"नव्हतंच," सर म्हणाले आणि दोर सोडायला खाली उतरले.